रेघेपुरती जागा

आत्या रोज सकाळी विहिरीच्या पाण्याकडे तिरक्या नजरेने पाहत असे. सरळ पाहिले तर पाणी निर्मळच दिसे. मान कलती करून, उजेड समोर घेऊन पाहिले म्हणजे मात्र त्यावर डिझेलचा पातळ तवंग निळाजांभळा चमके. तो बोटाच्या पेराएवढा असो की ताटाएवढा, तिला सापडल्यावाचून राहत नसे. मग ती सात पायऱ्या उतरे, काठीच्या टोकाला बांधलेले जुने फडके पाण्यावर अलगद टेकवी, तवंग टिपून घेई आणि वर येऊन ते फडके इंजिनामागच्या दगडाखाली दडवून ठेवी. हे काम गावात कोणी पाहिलेले नव्हते, कारण ते आटोपल्याखेरीज ती आवाराच्या फाटकाची कडी काढतच नसे.

इंजिन तिच्या वडिलांच्या हातचे. नवरा गेल्यावर ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परतली, आणि पुढे वडिलांचा हात थरथरू लागला तेव्हा इंजिनाचे हँडल तिने आपल्या हाती घेतले. या गोष्टीला एकतीस वर्षे झाली. गावची लेक म्हणून सगळे तिला आत्या म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला रंगारीसुद्धा.

हँडल फिरवायचे म्हणजे उजवा खांदा आधी मनाने तयार करावा लागे. पहिल्या तीन फेऱ्या इंजिन नुसते खोकत असे. चौथ्या फेरीला धूर येई, पाचवीला पट्टा सळसळे, आणि मग सगळे आवार थडथडू लागे. फाटकाबाहेरच्या नळांपाशी तोवर हंड्या-बादल्यांची रांग लागलेली असे.

"आत्या, पाणी कधी?"

"नळाला विचार. मी काय त्याची आई आहे?"

"काल तर माझी बादली भरायच्या आतच बंद केलंत."

"तुझी बादली नव्हे ती, पाळणा आहे. दोन पोरं झोपतील त्यात."

रांगेत हसू फुटे. दोन घटका हे चाले. मग टाकी भरे, आत्या इंजिन बंद करी, आणि भरलेल्या भांड्यांबरोबर गाव निघून जाई. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत त्या फाटकाकडे कोणी फिरकत नसे. गाव पाण्यासाठी येते, आपल्यासाठी नव्हे, हे आत्याला पक्के ठाऊक होते. पण सकाळच्या त्या दोन घटकांत ते विसरता येई, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निभावत असे.

इंजिनघराला लागूनच तिची खोली होती. दार पश्चिमेला, उत्तरेच्या भिंतीशी खाट, कोपऱ्यात स्टोव्ह. उत्तरेची ती भिंत मात्र वेगळी होती. दर महिन्याच्या एक तारखेला आत्या मोजकाठी विहिरीत सोडी, पाणी किती हात आहे ते पाही, आणि खिळ्याने भिंतीच्या गिलाव्यात एक उभी रेघ कोरी. एका हाताला एक बोट लांबी. बारा रेघांचा पाटीएवढा एक चौकोन म्हणजे एक वर्ष. वडिलांनी ही रीत घालून दिली होती आणि एकच अट सांगितली होती. ज्या महिन्यात मोजले नाही, त्या महिन्याची जागा कोरी ठेवायची. अंदाजाने रेघ ओढायची नाही.

तिच्या भावाचा मुलगा, तिचा भाचा, दुपारचा आला तेव्हाच तिने ओळखले की काहीतरी अवघड आहे. तो पाणी समितीचा अध्यक्ष होता, आणि अध्यक्ष झाल्यापासून त्याला दुपारची सवड मिळत नसे.

"आत्या, निधी येतोय," तो दारातूनच म्हणाला.

"येऊ दे. आधी तू तर आत ये."

तो आत आला, पण बसला नाही. सरकारची योजना होती. विहिरीभोवती कुंपण घालायचे, वरच्या उतारावरचे गोठे हलवायचे, सांडपाण्याचा चर वळवायचा, उतारावर गवत आणि झाडे लावायची. इंजिन काढून उन्हावर चालणारा पंप बसवायचा. पाणी घराघरांत नळाने जायचे. सगळा खर्च निधीतून. हे सगळे त्याने पाठ केल्यासारखे सांगितले आणि मग दाराच्या कुलपाच्या भोकात नख घालून ते उगाच खरवडू लागला.

"पुढे बोल," आत्या म्हणाली.

"कुंपणाच्या आत काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. चूल नाही, डिझेल नाही, जनावर नाही. माणूस नाही."

"माणूस म्हणजे कोण?"

"तू गं. दुसरं कोण राहतं इथं?"

"मग तसं म्हण. माणूस काय म्हणतोस."

तो ओशाळला. "आमची मागची खोली आहे ना, वैरणीची. ती रिकामी करून गिलावा करून देतो. एकटी किती दिवस राहणार इथं?"

"एकतीस वर्षं राहिले. कुणी विचारलं नाही."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "आमच्या धाकटीचं पोट परत बिघडलंय. या महिन्यात दुसऱ्यांदा. डॉक्टर पाण्याकडं बोट दाखवतो."

आत्याची नजर इंजिनामागच्या दगडाकडे गेली. इंजिन गळते तिथे तिने डबा लावला होता. तरी थेंब आपली वाट शोधून फरशीच्या सांधीतून खाली उतरतच होते. पोट डिझेलने बिघडते की वरच्या गोठ्यांच्या पाण्याने, हे तिला ठाऊक नव्हते. फडके मात्र तिला ठाऊक होते.

"तपासणी कधी आहे?" तिने विचारले.

"गुरुवारी. त्याआधी सगळं जरा नीटनेटकं करून घेतो. दोन दिवस तू घरी ये राहायला. इंजिन मी बघतो."

"हँडल सोडताना अंगठा वर ठेव. नाहीतर मनगट जाईल."

भाच्याचे घर चार गल्ल्या पलीकडे होते. भाचेसून वाईट नव्हती. तिने आत्याला चांगली उशी दिली, पाहुण्यांच्या कपातून चहा दिला आणि कामाला हात लावू दिला नाही. आत्या शेंगा सोलायला बसली की ती पुढ्यातले सूप हळूच उचलून नेई आणि म्हणे, "असू द्या आत्याबाई, तुम्ही बसा." आत्या बसे. घरात सगळे आपापल्या उद्योगाला जात-येत असत, तिच्या पायांना वळसा घालून. दोन दिवसांत तिला एवढेच काम मिळाले की पाय आत घ्यायचे.

धाकटी खाटेवर निजून होती. सहा वर्षांची, हनुवटी टोकदार झालेली. ती आत्याला म्हणाली, "तुझ्या कपड्यांना इंजिनचा वास येतो."

"बरा येतो की वाईट?"

पोरीने थोडा विचार केला. "पाण्यासारखा येतो," ती म्हणाली.

त्या रात्री आत्या जेवली नाही. भूक नाही, एवढेच तिने सांगितले.

गुरुवारी सकाळी ती आवारात परतली, तेव्हा फाटकापासून विहिरीच्या काठापर्यंत सगळे पांढरेशुभ्र झाले होते. दगडांनाही चुना लावला होता. तिचे कपडे, भांडी आणि स्टोव्ह एका पोत्यात भरून इंजिनाच्या आड लपवले होते, जणू चोरीचा माल. रंगारी शिडी खांद्यावर घेऊन निघायच्या बेतात होता.

"बघ आत्या, तुझी खोलीही करून टाकली. अध्यक्ष म्हणाले, आतबाहेर सगळं."

आत्या दारात उभी राहिली. उत्तरेची भिंत कोऱ्या कागदासारखी होती.

"इथलं काय केलंस?"

"ती भिंत ना? देवीचे व्रण असल्यासारखी झाली होती अगदी. लांबी भरून खाचा बुजवायला वेळ नव्हता, म्हणून चुन्याचे दोन हात दाबून मारले. आता कोण म्हणेल जुनी खोली?"

"कोणी नाही म्हणणार," आत्या म्हणाली.

रंगाऱ्याने ते शाबासकी म्हणून घेतले आणि शिडी सावरत निघून गेला. आत्या खाटेच्या कडेवर टेकली. ओल्या चुन्याचा थंड वास येत होता. तिने भिंतीकडे हात नेला आणि स्पर्श न करताच मागे घेतला.

तपासणीच्या बाई दुपारी आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात चिखलाचे बूट. त्या फार बोलत नव्हत्या. त्यांनी उतार चालून पाहिला, गोठे मोजले, चराचा वास घेतला, छपरावर ऊन किती वेळ असते ते विचारले. समितीची सात माणसे त्यांच्यामागून चालत होती. बाई थांबल्या की थांबत, बाई वाकल्या की वाकत. आत्या इंजिनघराच्या उंबऱ्याशी उभी होती. तिची ओळख करून द्यावी असे कोणाला सुचले नाही.

"शेवटची गोष्ट," बाई म्हणाल्या. "झरा उन्हाळ्यात टिकतो याचा पुरावा लागतो. आटणाऱ्या विहिरीवर निधी देता येत नाही. निदान दहा वर्षांची पाणीपातळी, महिन्यावार. अर्जात नोंद आहे असं लिहिलंय तुम्ही."

"आहे ना मॅडम," भाचा म्हणाला आणि त्याने एक वही पुढे केली.

बाईंनी वही उघडली. एकेक पान उलटत गेल्या. शेवटी त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि मिटली.

"दहा वर्षं एकाच पेनने लिहिलंत?"

भाच्याने घसा साफ केला. "पेन चांगलं होतं."

"आणि दहा वर्षांत एकही महिना चुकला नाही. एकही खाडाखोड नाही. वहीला अजून दुकानाचा वास येतोय."

समितीची सातही माणसे आपापल्या पायांकडे पाहू लागली. भाच्याचे कान लाल झाले होते. "आकडे खोटे नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "म्हणजे लिहिलेत परवाच, पण पाणी खरंच टिकतं. ही माझी आत्या, ही मोजते ना दर महिन्याला. भिंतीवर सगळ्या खुणा आहेत. चला, दाखवतो."

तो तरातरा खोलीत शिरला. मागून बाई, त्यांच्यामागून समिती. आणि मग सगळे त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले.

कोणीतरी मागून हळूच म्हणाले, "काम मात्र सफाईदार केलंय."

"मीच सांगितलं," भाचा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मीच सांगितलं, आतबाहेर सगळं."

बाईंनी आत्याकडे पाहिले. "तुम्हाला आठवतं?"

"सगळं."

"सांगा बरं."

आत्याने सांगितले. वडील गेले त्या उन्हाळ्यात सहा हात. इंजिनाचा पट्टा तुटला त्या साली साडेसात. वरच्या उतारावरची झाडे तोडली त्याच्या पुढच्या वर्षी पाच, त्याहून कमी कधीच नाही. ती थांबली तेव्हा बाईंची लेखणी कागदावर तशीच उभी होती.

"माझा तुमच्यावर विश्वास आहे," बाई म्हणाल्या. "पण आठवणीवर मी सही करू शकत नाही. यादी उद्या बंद होते. मग पुढच्या वेळेला बघू."

पुढची वेळ कधी, हे कोणी विचारले नाही. माणसे एकेक करून बाहेर पडली. भाचा पायरीवर डोके धरून बसला. बाईंनी कागद आवरले आणि आत्याला म्हणाल्या, "योजना झाली असती तर तुम्हाला ही खोली सोडावी लागली असती. सांगितलं होतं का कोणी?"

"सांगितलं."

"मग तुमच्यापुरतं बरंच झालं म्हणायचं."

खरेच बरे झाले होते. तिने एक शब्द न बोलता उभे राहायचे, एवढेच उरले होते. गाडी निघून जाईल, उद्या सकाळी हँडल फिरेल, रांग लागेल, कोणीतरी विचारेल, आत्या, पाणी कधी. कोणाचा तिच्यावर ठपकाही येणार नव्हता. भिंत तिने रंगवली नव्हती.

बाईंनी माठाकडे बोट केले. "घोटभर मिळेल?"

आत्याने सकाळीच भरलेल्या माठातून पेला भरला. देताना तिची मान आपोआप कलती झाली आणि तिने पाण्याकडे तिरके पाहिले. दोन दिवस फडके लागलेले नव्हते. पेल्याच्या काठाशी निळे-जांभळे काहीतरी चमकून गेले.

तिने पेला मागे घेतला.

"हे नका पिऊ," ती म्हणाली. मग दारातून बाहेर, उतरत्या उन्हाकडे तिने पाहिले. "बाई, अर्धा तास थांबता का?"

"कशाला?"

"ऊन यायचंय."

बाई थांबल्या. का थांबल्या, ते त्यांनाही सांगता आले नसते. आत्याने खाट ओढून बाजूला केली, दाराची दोन्ही कवाडे सताड उघडली आणि दारातल्या माणसांना बाजूला व्हायला सांगितले. गेल्या दोन दिवसांत तिने कोणाला सांगितलेले हे पहिलेच काम होते. एकतीस वर्षे याच वेळेला ती या खाटेवर बसून शेंगा सोलत आली होती. दिवसाच्या या टोकाला ऊन दारातून आडवे येते आणि उत्तरेच्या भिंतीला घासत घासत आत सरकते, हे तिच्याखेरीज कोणाला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्या वेळी इथे दुसरे कोणी कधी बसलेच नव्हते.

ऊन उंबरा ओलांडून आले. भिंतीच्या कडेला लागले. आणि जिथे नुसता चुना होता तिथे एक केसासारखी सावली उभी राहिली. मग दुसरी. मग पाटीएवढा अख्खा चौकोन, त्याशेजारी आणखी एक. ऊन सरकत गेले तसतशी वर्षे भिंतीतून वर येत गेली. रंगाऱ्याचे दोन हात गिलाव्यातल्या खाचा बुजवायला पुरे पडले नव्हते.

"अगं आत्या," भाचा दारातून म्हणाला.

बाई भिंतीपाशी बसल्या. आत्याने खिळा धरावा तसे बोट धरले आणि वाचायला सुरुवात केली. "हा पहिला महिना. नऊ बोटं, म्हणजे नऊ हात. हा चौथा, सात. हा पाचवा, सहा." बाई फोटो काढत गेल्या, पट्टीने मोजत गेल्या, लिहीत गेल्या. मध्येच एका चौकोनापाशी त्या अडल्या.

"इथे दोन रेघा नाहीत."

"ताप होता. उठता येत नव्हतं."

"मग नंतर भरायच्या. मागच्यापुढच्या बघून अंदाज येतोच."

"अंदाजानं रेघ ओढत नाही मी."

बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग शेजारी पडलेली भाच्याची वही, जिच्यात एकही महिना चुकला नव्हता, ती त्यांनी शांतपणे त्याच्या हाती परत दिली. "ही ठेवा घरी," त्या म्हणाल्या. "या दोन कोऱ्या जागांवर मी सही करते."

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत एकोणीस वर्षांचे वाचून झाले. दहाच लागणार होती. जाताना आत्याने बाईंना इंजिनामागे नेले, दगड उचलला आणि फडके दाखवले. "हेही लिहा," ती म्हणाली. बाईंनी ते लिहिले नाही, फडक्याला हात लावून पाहिला, बोटे हुंगली आणि म्हणाल्या, "म्हणूनच लवकर करायला हवं."

निधी आला. पावसाळा सरल्यावर कुंपण उभे राहिले, गोठे हलले, उतारावर गवत धरले. छताएवढ्या काळ्या काचा उन्हाकडे तोंड करून बसल्या. इंजिन भंगारवाल्याने नेले. चौघांना उचलवेना तेव्हा तो म्हणाला, "हे एकटी बाई चालवायची?" आणि कोणीतरी म्हणाले, "चालवायची." खोली पाडली त्या दिवशी आत्या बाजूला उभी होती. उत्तरेची भिंत शेवटी पाडली. ढेकळांत रेघा ओळखू येत नव्हत्या.

वैरणीच्या खोलीला नवा गिलावा झाला होता. "भिंत नवी आहे आत्याबाई, खिळे तेवढे ठोकू नका हं," भाचेसून हसत म्हणाली. खोलीला खिडकी होती, पण शेजारच्या घराची भिंत हातभर अंतरावर. ऊन कुठूनच आत येत नव्हते. अंगणात नळ होता. धाकटी शाळेतून येई, तो सोडी, ओंजळीने पोटभर पाणी पिई आणि खेळायला पळे. तिच्या गालांवर पुन्हा मांस धरले होते. आत्या पेला भरून मान कलती करी, तिरके पाही. पेल्यात नुसते पाणी असे. वासही येत नसे.

सकाळी जाग मात्र त्याच वेळेला येई. ती उठून बसे, उजवा खांदा चोळी, आणि मग आठवे की चोळायचे काही कारण नाही. फाटकाबाहेरचे जुने नळ काढून टाकले होते. बायका आता रस्त्यात भेटत, तेव्हा हसून पुढे जात. हातात भांडी नसली म्हणजे माणसे किती भरभर चालतात, हे तिला नव्याने कळले.

एके दिवशी सकाळपासून आभाळ दाटले. काचांना ऊन मिळेना, नळाला करंगळीएवढी धार आली आणि तीही थांबली. गल्लीत बायका दारांत उभ्या राहिल्या. कोणी वर पाहत होते, कोणी अध्यक्षांना फोन लावत होते. पलीकडच्या दारातली, ती पाळण्याएवढ्या बादलीची, सवयीने वळली.

"आत्या, पाणी कधी?"

सगळ्या जणी तिच्याकडे पाहू लागल्या. आत्याने तोंड उघडले. आभाळाकडे पाहिले. मग म्हणाली, "मला काय ठाऊक, बाई."

ती कुंपणाकडे चालत गेली. पंपाचा माणूस आत डब्यासारख्या यंत्रापुढे बसला होता.

"विहिरीत किती आहे आज?" तिने जाळीतून विचारले.

"ते हा डबा मोजतो. दर तासाला."

"आणि लिहितं कोण?"

"लिहायचं कशाला? आकडा इथं दिसत नाही, सरळ कचेरीत जातो."

"तिथं कोण बघतं?"

"तिथंही यंत्रच असेल," तो म्हणाला. "आत येता येणार नाही हं आत्या, नियम आहे. तुम्हाला तर माहीतच आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी एक तारीख होती. घरी येऊन तिने पेटी उघडली, तळाशी चिंधीत गुंडाळलेला खिळा काढला आणि खोलीचे दार आतून लोटले. दाराआडची भिंत कोणाच्या नजरेस पडणारी नव्हती. खांद्याच्या उंचीवर तिने डाव्या हाताची बोटे टेकवली. पाणी आठ हात असेल. आठच असेल, पाऊस चांगला झाला होता. उतारावर आता गवत आहे, कदाचित नऊ असेल.

खिळा गिलाव्याला टेकला आणि तसाच राहिला.

बाहेर धार पुन्हा लागली. बादलीच्या पत्र्यावर पाणी वाजले आणि भाचेसुनेने हाक मारली, पण ती आत्याला नव्हती. आत्याने बोटे उचलली, एका रेघेपुरती जागा सोडून पुढच्या महिन्याच्या जागेवर ती टेकवून पाहिली, आणि खिळा पुन्हा चिंधीत गुंडाळला. भिंत तशीच कोरी होती. त्यातली पहिली कोरी जागा कुठे सुरू होते, हे फक्त तिला ठाऊक होते.